पिल्लू आजारी पडलं, थांबायचं का रात्रीच न्यायचं?

पिल्लू कोपऱ्यात पडलंय, खात नाहीये, एकदा ओकलं, आणि घरात कोणीतरी म्हणतंच, राहू दे भो, सकाळी बघू. मोठ्या कुत्र्याचं चालून जातं, तो एक दिवस उपाशी राहिला तरी उभा असतो. पण दोन महिन्याच्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो, जुलाब-उलट्या लागल्या की काही तासात पाणी कमी होतं, साखर उतरते आणि ते लुळं पडतं. म्हणून वय जितकं कमी तितकी वाट कमी बघायची.

आधी ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर पाहिजे. बोटाने दाबली की पांढरी होते, सोडली की २ सेकंदाच्या आत परत रंग आला पाहिजे. हिरडी पांढरीफट, निळसर किंवा चिकट लागली तर बाकी काही बघत बसू नका, गाडी काढा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी जरा ओढून आतली कातडी बघायची. गावाकडच्या पिल्लांना गोचीड आणि जंत इतके असतात की नुसत्या त्यानेच रक्त कमी होऊन हिरडी पांढरी पडते, आणि लोक म्हणतात अशक्त आहे, दूध पाजा. म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना उलट जुलाबच लागतात.

एकदा पातळ शी झाली पण पिल्लू उड्या मारतंय, पाणी पितंय, चप्पल चावतंय, तर एक दिवस बघायला हरकत नाही. पण शी लालसर-काळपट, घाण वासाची, सोबत उलट्या आणि अंगात जीव नाही, तर पार्वो, म्हणजे आतड्यांना धरणारा विषाणूचा जीवघेणा आजार, समजूनच चाला. लस पूर्ण न झालेल्या, दीड ते सहा महिन्याच्या पिल्लांना तो जास्त धरतो. घरगुती उपायात इथे वेळ घालवू नका, सलाईन वेळेत लागली तर बरीच पिल्लं वाचतात.

ताप गुदद्वारातून मोजायचा, डिजिटल थर्मामीटरला जरा व्हॅसलीन लावून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०४ म्हणजे न्या, आणि ९९ च्या खाली असेल तर अजून घाई करा. नाक गरम आहे का थंड यावरून काही कळत नाही. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम घरात आहे म्हणून अजिबात देऊ नका, जीव जातो.

आपल्याकडच्या दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे एप्रिल-मे. भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्याखाली बांधलेलं पिल्लू जोरात धापा टाकतंय, लाळ गळतेय, झोकांड्या जातंय, तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, बर्फ नको, आणि तसंच घेऊन निघा. दुसरी कपाशीची फवारणी. शेतातून आलेलं पिल्लू लाळ गाळतंय, थरथरतंय, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झालीये, तर औषधाची बाटली किंवा तिचा फोटो सोबत न्या, डॉक्टरचं अर्धं काम तिथेच होतं. मीठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका.

झटके, श्वासाला त्रास, पोट फुगून टणक, लघवी बंद, हेही त्याच रात्रीचं काम.

पिल्लू विनाकारण चावायला लागलं, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये तर तोंडात हात घालू नका. रेबीज पिल्लालाही होतो. कोणाला चावलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखान्यात सुईला जायचं.

गावात रात्री डॉक्टर मिळत नाही हे खरंय, म्हणून पिल्लू घरी आणलं त्याच आठवड्यात तालुक्याला कुत्र्यामांजराचा डॉक्टर कोण आहे ते विचारून नंबर सेव्ह करून ठेवा. १९६२ हा सरकारी फिरत्या पथकाचा टोल फ्री नंबर आहे, गाडी मुख्यतः गुरांसाठी असते, तरी दिवसा लावून बघा. जाताना लसीचं कार्ड घ्या, शीचा फोटो काढा, शेवटचं काय खाल्लं, किती वेळा ओकलं ते सांगा. वाटेत लुळं पडलं तर बोटाने थोडा मध हिरडीला चोळा, पण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं.

पार्वो निघाला तर अंगण फिनाईलने पुसून भागत नाही, १ भाग लिक्विड ब्लीच ३० भाग पाण्यात घालून फरशी १० मिनिटं ओली ठेवायची, आणि मातीत तो कित्येक महिने राहतो, तेव्हा पुढचं पिल्लू लस पूर्ण झालेलंच आणा.