करवंदं ओळखा, मग खारवा

घाणेरीची काळी फळंही करवंदीच्याच कुंपणात पिकतात आणि मुलं फसतात. करवंदीचं पान खुडलं की पांढरा चीक येतो, काटे जोडीने असतात. घाणेरीला चीक नाही. पान खरखरीत, चुरगळलं की उग्र वास, फळांचा बारका घोस. तिची हिरवी फळं विषारी.

खारवायला करवंदं कडक, हिरवीच घ्या; लालसर झालेली मऊ पडतात. 1 किलो करवंदांचे देठ काढा (हाताला तेल लावून, नाहीतर चीक निघता निघत नाही), धुऊन फडक्यावर कोरडी करा. 1 लिटर पाण्यात 150 ग्रॅम जाडं मीठ उकळून, पूर्ण गार करून बरणीत भरलेल्या करवंदांवर ओता. करवंदं तरंगतात आणि उघड्या राहिलेल्यांवरच बुरशी धरते. म्हणून वर बशी, तिच्यावर स्वच्छ दगड.