जुन्या फियाटचा सडलेला पत्रा घरीच वेल्ड करायचा असेल तर

गाडीतलं मॅटिंग उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज येईल तिथे पत्रा शाबूत. आवाज बद्द आला तर टोक टेकवून दाबा. आरपार गेलं, तर तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही. वरून पुट्टी थापून रंग मारणं म्हणजे पुढच्या मालकाची शुद्ध फसवणूक.

पुण्यात बंगल्यांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली झाकलेल्या पद्मिनी (म्हणजेच जुन्या फियाट), अॅम्बॅसेडर अजून दिसतात आणि वायर आणि गॅसवर चालणारं वेल्डिंगचं मिग मशीन विकत घेऊन स्वतः हात घालणारेही दिसतात. टाका मारणं, म्हणजे वेल्डिंगचा एकेक ठिपका सोडणं, सरावाने जमतं. घात होतो तो पत्र्याच्या पलीकडे. हेल्मेटच्या काचेतून आपल्याला वितळलेल्या धातूचा ठिपका तेवढा दिसतो. त्याच्या मागे काय तापतंय, ते दिसत नाही. त्यामुळे खरं काम टाका मारण्याआधी आणि मारून झाल्यावर असतं.

जागा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम नको आणि बेसमेंटमध्ये तर अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरचा पेट्रोल कॉक गळतोय की नाही, हे तुम्हाला ठाऊक नसतं. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यातही उतरू नका. मिगला लागणारे आर्गॉन आणि सीओटू हे वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचतात आणि प्राणवायू हटवतात. त्यांना वास नाही, त्यामुळे कळतही नाही.

स्वतःचा पोर्च, दोन-तीन बाजूंनी उघडा, खाली फरशी किंवा कोबा असलेला, हे उत्तम. आजूबाजूचा पालापाचोळा झाडून घ्या. आडोशाला निळी प्लास्टिकची ताडपत्री लावू नका, ठिणगीने ती वितळते आणि पेटते. जुने पत्रे उभे करा. आडोसा लागतोच, कारण लख्ख उजेड दिसला की वाड्यातली, गल्लीतली पोरं बघायला जमतात आणि त्यांच्या डोळ्यांवर काच नसते. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, काम बंद. पुण्याचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी सोयीचा.

वीज १६ अँपिअरच्या पॉइंटवरून, चांगल्या अर्थिंगसह आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घ्या. एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवली तर आत तापून इन्सुलेशन वितळतं. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. लोखंडी घोड्या लावा, गाडी हलवून बघा, मगच खाली सरका.

काय काय काढायचं

सगळ्यात आधी बॅटरी. नुसती वायर सोडून भागत नाही, बॅटरी गाडीबाहेर काढा. चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. मग पेट्रोलची टाकी. मागच्या बाजूला काम असेल तर ती उतरवायचीच, पुढे असेल तरी माझं मत तेच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण पेट घेते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफेला हवा मिळते. पाण्याने दोनदा खळबळून काढली म्हणून टाकी निर्धोक होत नाही, शिवणीत मुरलेलं पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ सोडतं. टाकीलाच भोक असेल तर ती घरी वेल्ड करायची नाही. नवी मिळते का, हे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारा, पण तिथली टाकी आत विजेरी मारून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बऱ्याच जुन्या गाड्यांना पुढे कधीतरी एलपीजी किट बसवलेलं असतं. सिलिंडर डिकीत, पाइप फ्लोअरखालून इंजिनपर्यंत. हे सगळं गॅसकिटवाल्याकडून उतरवून घ्या. त्यानंतर सीट, मॅटिंग, त्याखालचा नमदा (दाबलेल्या तंतूंचा जाड थर), दाराची पॅनेल्स. फ्लोअरखालून जाणारी पेट्रोलची नळी आणि ब्रेक पाइप सोडून बाजूला घ्या. ब्रेक ऑइलही पेटतं. टायर बसवलेल्या चाकाच्या डिस्कला कधीच आच लावू नका, हवा कोंडलेला टायर फुटतो. बंद शॉकअबसॉर्बरचंही तेच. दरवाज्याखालच्या पेटीसारख्या बंद पोकळीला वेल्ड करण्याआधी छोटं भोक पाडून ठेवा, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर पडेल.

पत्रा साफ करताना

इथे घाई नडते. कापायच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना किमान दोन इंच पत्रा चकचकीत व्हायला हवा, आणि मागूनही. गाडीखालचं डांबरी कोटिंग पेटतं आणि काळाकुट्ट धूर सोडतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो ग्राइंडरने उडवू नका, ओला करून खरवडा, कचरा पिशवीत भरा आणि जेवायच्या आधी हात धुवा.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. ब्रेक क्लीनर आणि रंग काढायचं रिमूव्हर यांच्या डब्यावर नीट वाचा. त्यात 'क्लोरो' किंवा 'क्लोराइड' असलेलं द्रावण असेल, म्हणजे परक्लोरोएथिलीन, ट्रायक्लोरोएथिलीन, मिथिलीन क्लोराइड, तर तो डबा या कामाच्या आसपासही नको. या द्रावणाची वाफ आर्कच्या (वेल्डिंगच्या प्रखर ठिणगीच्या) उष्णतेत आणि अतिनील किरणांत सापडली की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. छातीत पाणी साचण्याची लक्षणं काही तासांनी दिसतात, तोवर माणूस ठणठणीत वाटतो. फटीत अडकलेला थेंबसुद्धा पुरतो. क्लोरो नसलेलं रिमूव्हर वापरावंच लागलं तर शिवणींसकट धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, दुसऱ्या दिवशी काम करा.

नव्या तुकड्यासाठी लोखंडाच्या दुकानातून सीआर शीट (जस्त न चढवलेला साधा पत्रा) मागा, फ्लोअरला २० गेज. छपराचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा नको. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. वेल्डर मंडळी यावर दूध पितात. दुधाने काही होत नाही. एक-दोन दिवसांत तो ताप उतरतो, पण दम लागत असेल तर थेट डॉक्टरांकडे.

अंगावर काय

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सगळं मिळतं आणि मशीनच्या मानाने खर्च किरकोळ आहे. आपोआप काळी होणारी हेल्मेट घ्या, पातळ पत्र्याच्या मिगसाठी काच ९ ते ११ नंबरवर. आत पारदर्शक गॉगल घाला, कारण हेल्मेट वर केल्यावर ग्राइंडरची कणी डोळ्यात जाते, हे अगदी रोजचं आहे. चामड्याचे लांब हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, चामडी बूट आणि त्यांच्या बाहेरून पँट. नायलॉन, टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. खिशात लायटर नको.

एन-९५ मास्क धुराचे कण अडवतो, वायू अडवत नाही. त्यामुळे खरा उपाय म्हणजे उघडी जागा आणि धुराच्या लोटाबाहेर ठेवलेलं डोकं. पंखा बाजूने, लांबून, धूर ओढून नेईल असा लावा. मिगच्या टॉर्चवर, म्हणजे हातातल्या तोटीवर, थेट वारा आला तर गॅस उडतो आणि टाक्यात भोकं पडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसांत कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, एवढं कळलं तरी पुरे.

डोळ्याला वेल्डिंग लागली, म्हणजे उघड्या डोळ्यांनी तो उजेड बघितला गेला, तर लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याचा उपाय कितीही जण सांगोत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि बधिर करणारे थेंब स्वतःहून घालू नका.

टाके

अर्थ क्लॅम्प (मशीनच्या दुसऱ्या वायरचा चिमटा) कामाच्या अगदी जवळ, चकचकीत पत्र्यावर लावा. लांब लावला तर प्रवाह बेअरिंगमधून किंवा ब्रेक पाइपमधून वाट काढतो. ०.६ मिलिमीटरची वायर आणि कमी अँपिअर. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग समोरच्या टोकाला. सलग ओढलं की पत्रा तबकासारखा वाकतो. थंड करायला पाणी मारू नका, हात लावण्याजोगा होईपर्यंत थांबा. स्वस्त आर्क मशीनने हे काम होतं म्हणतात, पण एवढ्या पातळ पत्र्यावर नवशिक्याच्या हातून भोकंच जास्त पडतात.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दरवाज्याखालची पट्टी दोन्हीकडची एकदम कापली तर गाडी मध्ये खचते आणि दारं लागत नाहीत. आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आधार टाका, मग एकच बाजू घ्या. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग जिथे बॉडीला धरतात, तिथलं वेल्डिंग जाणत्या वेल्डरलाच द्या. चेसिस नंबर कोरलेल्या भागाला ग्राइंडर लावू नका. गाडी पन्नास वर्षांवरची असेल आणि विंटेज नोंदणी करायची असेल, तर आधीचे-नंतरचे फोटो काढून ठेवा. २०२१ च्या नियमानुसार चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार चालत नाही.

एक माणूस सोबत हवाच, तोही मोबाइल बघत बसणारा नको. तुम्ही खालून टाका मारताना त्याने आतून, पत्र्याच्या पलीकडून बघायचं. हाताशी आयएसआय शिक्क्याचा आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर, पाण्याची बादली, ओलं गोणपाट. पाणी विजेच्या आणि पेट्रोलच्या आगीवर मात्र मारायचं नाही.

शेवटच्या टाक्यानंतर

मशीन बंद केलं, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे चहाला जायचं असं नाही. किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, गाडीपाशी थांबा. दारांच्या पोकळीत, पट्टीच्या आत राहिलेला नमद्याचा तुकडा ज्वाळेशिवाय धुमसत असतो. हात फिरवून बघा, वास घ्या, विजेरीने फटी तपासा. त्यामुळे संध्याकाळी सहानंतर टाका मारायला घेऊ नका. आग आटोक्यात येत नसेल तर गाडीचा मोह सोडून लांब व्हा आणि १०१ फिरवा.

दुसऱ्या दिवशी टाके घासून प्रायमर, शिवणीत सीलंट, पोकळीत मेण. पेट्रोलची नळी आणि ब्रेक पाइप जागेवर बसवल्यावर त्यांच्यावर ठिणगीने खड्डा पडलाय का ते बोट फिरवून बघा आणि शंका आली तर बदला. टाकी बसवून पेट्रोल भरा, काही वेळ तसंच राहू द्या, खाली वाकून वास घ्या. वास नसेल तरच बॅटरी जोडा.