एअर-कूल्ड ९११ चा फॅन बेल्ट घरच्या घरी बदलताना

जुन्या पोर्शे ९११ ला रेडिएटर नाही, कूलंट नाही. मागचं झाकण उघडल्यावर समोर दिसणारा मोठा पंखा सहाही सिलिंडरांवर वारा घालतो, आणि त्या पंख्याला फिरवतो तो बोटभर रुंदीचा एकच व्ही-बेल्ट, म्हणजे आतल्या बाजूला निमुळता होत जाणारा पट्टा. ऑल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, त्याच पंख्याच्या पोटात, त्याच शाफ्टवर. म्हणून गाडी चालवताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरीचं काय ते घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि बेल्ट जागेवर आहे का ते बघायचं. तो तुटला असेल तर दिव्यापेक्षा इंजिनाचं आयुष्य मोठ्या धोक्यात असतं.

माझी गाडी १९८६ ची कॅरेरा ३.२. श्टुटगार्टजवळ राहते, नंबर प्लेटवर शेवटी जर्मनीत जुन्या गाड्यांना मिळणारा ‘एच’ आहे, म्हणजे तिशी ओलांडलेली सरकारमान्य म्हातारी. खाली लिहिलंय ते या पिढीसाठी. ९११ च्या पुढच्या पिढीत, म्हणजे ९६४ मध्ये, पंख्याचा आणि ऑल्टरनेटरचा बेल्ट वेगवेगळा झाला, तेव्हा त्या गाडीवाल्यांनी हे जसंच्या तसं वापरू नये. आणि जर्मनीत असाल तर हे काम शनिवारी उरका. रविवारी अंगणात हत्यारं वाजली की शेजारच्या खिडकीचा पडदा हलतोच.

सामान फार लागत नाही. नवा बेल्ट, २४ मिमीचं सॉकेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने मोजून नट आवळणारा पाना), आणि पुलीच्या भोकांत दात अडकवून तिला धरून ठेवणारा खास पाना. हा पाना गाडीच्या मूळ टूलकिटमध्ये असायचा. सेकंडहँड गाडीत तो बहुधा गायब असतो, पण नवा मिळतो. तो नसताना पुलीत स्क्रू-ड्रायव्हर कोंबून नट सोडवू नका. पुलीची कड वाकली की नवा बेल्टही तिथे घासून संपतो.

इंजिन पूर्ण गार हवं. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. बॅटरी पुढच्या डिकीत डाव्या बाजूला असते, तिची निगेटिव्ह तार काढा. पंख्याच्या तोंडावर एक फडकं खोचा, म्हणजे नट किंवा चकती हातातून निसटली तरी पात्यांमधून आत जाणार नाही. फडकं भडक रंगाचं घ्या, नंतर काढायचं लक्षात राहतं. गाडीला एसी असेल तर कॉम्प्रेसरचा बेल्ट क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या खालच्या पुलीवर, बाहेरच्या बाजूला असतो, तो सैल करून आधी उतरवावा लागतो.

आता खरी गंमत. या बेल्टला टेन्शनर नाही, ऑल्टरनेटर सरकवायची सोयही नाही. पंख्यावरची पुली दोन अर्धुकांची आहे आणि त्या अर्धुकांच्या मध्ये पातळ चकत्या, म्हणजे शिम, बसवलेल्या असतात. मधली चकती काढली की अर्धुकं जवळ येतात, खाच अरुंद होते, बेल्ट वर चढून मोठ्या घेरावर बसतो आणि ताण वाढतो. चकती घातली की उलट. काढलेली चकती फेकायची नाही, ती बाहेरच्या अर्धुकाच्या पुढे, नटाखाली घालायची. माझ्या गाडीत सगळ्या मिळून सहा आहेत. कुठे किती हे बदलतं, बेरीज मात्र सहाच राहिली पाहिजे. बेरीज चुकली की नट घट्ट होऊनही पुली नीट आवळली जात नाही.

पाना पुलीत अडकवून धरा आणि नट नेहमीसारखा उलटा फिरवून सोडवा. पुढच्या चकत्या, बाहेरचं अर्धुक, मधल्या चकत्या याच क्रमाने एका पुठ्ठ्यावर मांडा आणि फोटो काढा. जुना बेल्ट उतरवून उलटा वाकवून बघा. आतून चिरा असतील किंवा बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर त्याची सेवा संपली. तेलाने ओला असेल तर गळती आधी शोधा, नाहीतर नव्याचंही तेच होणार. पिठाच्या गिरणीत पट्टा घसरायला लागला की राळ लावतात, तसला उपाय इथे करू नका. व्ही-बेल्ट दोन्ही बाजूंनी धरतो, त्या बाजू आणि पुलीची खाच कोरडी, स्वच्छ हवी.

नवा बेल्ट आधी खालच्या क्रँक पुलीवर, मग वर आतल्या अर्धुकावर टेकवा. जितक्या चकत्या मध्ये होत्या तितक्याच घाला, बाहेरचं अर्धुक बसवा, उरलेल्या चकत्या पुढे, मग नट. आता घाई नडते. नट एका दमात आवळला तर बेल्ट दोन अर्धुकांत चिमटला जातो, रबर चेंगरतं, आणि ताण भरपूर आहे असं उगाच वाटतं. थोडं आवळा, क्रँकच्या बोल्टने इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडं फिरवा, परत थोडं आवळा. बेल्ट हळूहळू खाचेत वर चढताना दिसतो. नट बसल्यावर ४० न्यूटन-मीटरने आवळा.

मग दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. बेल्ट १० ते १५ मिमी लवला पाहिजे. जास्त लवला तर एक चकती मधून काढून पुढे, कमी लवला तर पुढची एक मध्ये. त्यासाठी परत सगळं उघडायचं, हो. एका चकतीने बराच फरक पडतो, म्हणून दोन एकदम हलवू नका. ‘जरा घट्टच बरा’ हा विचारही सोडा, जादा ताणाने ऑल्टरनेटरचं बेअरिंग खराब होतं आणि ते प्रकरण बेल्टच्या कैकपट महाग आहे.

एसीचा बेल्ट परत चढवा, फडकं काढा, पाने मोजून घ्या, बॅटरी जोडा, आणि मगच चावी. लाल दिवा इंजिन सुरू होताच विझायला हवा. वेग दिल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट सैल आहे. नवा बेल्ट सुरुवातीला ताणला जातोच, त्यामुळे शंभरेक किलोमीटर झाले की गार इंजिनावर परत अंगठा लावून बघा, एखादी चकती बहुधा हलवावी लागते. आणि एक नवा बेल्ट, २४ चं सॉकेट आणि तो खास पाना कायम पुढच्या डिकीत ठेवा. हे तिन्ही असतील तर हमरस्त्याच्या कडेलाही हे काम होतं, फक्त इंजिन गार होईपर्यंत थांबावं लागतं.