फ्लोअर मल्टिप्लायर वापरताना या चुका टाळा

वीस मजली ऑफिसचं ऊर्जा-मॉडेल (इमारतीच्या ऊर्जावापराचा संगणकावरचा हिशेब) करताना मधले १८ मजले एकेक काढायची गरज नसते. एक मजला काढून त्याला १८ चा मल्टिप्लायर (गुणक) द्यायचा, तळमजला आणि सर्वात वरचा वेगळा ठेवायचा. वेळ खूप वाचतो, म्हणून ही पद्धत मला मनापासून पटते. पण चूक झाली तरी रन बिनबोभाट पूर्ण होतो आणि आकडे खरे वाटतात.

सर्वात जास्त घोळ एएचयूच्या (थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) आकारात होतो. एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर झोनचा (मॉडेलमध्ये एकत्र धरलेल्या भागाचा) थंडाव्याचा भार आधी मल्टिप्लायरने गुणतो, मग सिस्टीमकडे पाठवतो. म्हणजे त्या एएचयूला १८ मजल्यांचा भार दिसतो. ऑटोसाइझ असेल, म्हणजे आकार सॉफ्टवेअरच ठरवत असेल, तर हिशेब आपोआप जमतो. पण ड्रॉइंगमधला एका मजल्याचा हवेचा प्रवाह, समजा सेकंदाला ५ घनमीटर, तसाच टाकला तर? लागतात ९०, मिळतात ५. अनमेट अवर्स (ठरलेलं तापमान न राखलेले तास) अ‍ॅशरे ९०.१ या ऊर्जा-मानकाच्या ३०० तासांच्या मर्यादेपलीकडे जातात आणि आपण काचेचे आकडे तपासत बसतो. यंत्राची किमान कार्यक्षमता मात्र या गुणलेल्या क्षमतेवरून ठरवू नका, ती एका मजल्याच्या खऱ्या युनिटवरूनच घ्या.

झोनला १८ आणि झोन ग्रुपलाही (झोनच्या गटालाही) १८ दिला तर गुणाकार ३२४ होतो. रिपोर्टमधलं एकूण क्षेत्रफळ आर्किटेक्टच्या आकड्याशी ताडून पाहिलं की हे लगेच सापडतं. सगळ्या इमारतीच्या लिफ्टचा भार मधल्या झोनमध्ये टाकला तर तोही १८ पट होतो. तो तळमजल्याच्या झोनमध्ये ठेवा.

दिव्यांचं झोननिहाय आउटपुट आणि मीटर (सगळ्या इमारतीची बेरीज) जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. पहिलं एकाच मजल्याचं असतं, मीटरमध्ये गुणाकार धरलेला असतो.

मधला मजला चित्रात अधांतरी दिसतो, ते चालतं. फक्त त्याची फरशी आणि छत, तळमजल्याचं छत आणि वरच्या मजल्याची फरशी अ‍ॅडियाबॅटिक (उष्णता आरपार न जाणारी) हवी, नाहीतर तिथे बाहेरची हवा लागते असं धरलं जाईल. हा मजला १८ मजल्यांच्या सरासरी उंचीवर ठेवा, कारण वारा आणि बाहेरचं तापमान उंचीनुसार मोजलं जातं.

मुंबईत लोअर परळसारख्या दाटीत शेजारच्या टॉवरची सावली खालच्या मजल्यांवर पडते, वरचे उन्हात तापतात. तिथे एकाच मजल्यावर भागवू नका. ६-६-६ असे तीन गट करा आणि शेजारची इमारतही मॉडेलमध्ये घ्या.