टू-फेज कूलिंग शिकताय? पंपाच्या सक्शनपासून सुरुवात करा

थर्मलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवण्याच्या कामात नव्यानं आलेली मुलं चिपपासून सुरुवात करतात. वॅट किती, कोल्ड प्लेटच्या (चिपवर बसणारी, आतून द्रव वाहणारी धातूची पाटी) खाचा किती बारीक, बुडबुडे कसे सुटतात. मजेचा भाग तोच आहे, कबूल. पण लूप, म्हणजे द्रव चिपवर उकळतो, कंडेन्सरमध्ये त्याच्या बाष्पाचा पुन्हा द्रव होतो आणि पंप तो परत फिरवतो ते बंद चक्र, समजायचा तर मी पंपाच्या सक्शनकडे, म्हणजे द्रव आत ओढणाऱ्या तोंडाकडे बघायला सांगतो.

आधी एक हिशेब वहीत करा. एक किलोवॅट उष्णता काढायची आहे. पाणी १० अंश तापू दिलं तर सेकंदाला साधारण २४ ग्रॅम पाणी लागतं. आर-१३४ए हे रेफ्रिजरंट (सहज उकळणारा द्रव) उकळू दिलं तर त्यातलं निम्मंच बाष्प झालं तरी ११-१२ ग्रॅममध्ये भागतं, कारण उष्णता तापमान वाढवण्यात न जाता सुप्त उष्णता म्हणून शोषली जाते. शिवाय हा द्रव वीजवाहक नाही. निम्मंच का, तर सगळं उकळवायला गेलात की खाचेच्या भिंतीवरचा ओलावा सुकतो आणि चिपचं तापमान एकदम उसळतं.

याला फ्रिज समजू नका. इथे कॉम्प्रेसर नसतो. पंप फक्त द्रव फिरवतो, त्यामुळे कंडेन्सरला मिळणाऱ्या हवेपेक्षा किंवा पाण्यापेक्षा लूप थंड होऊ शकत नाही. इंटरव्ह्यूमध्ये हे हमखास विचारतात.

उकळायचं तापमान ठरवतो दाब, कुकरसारखाच. तो दाब सांभाळायचं काम अ‍ॅक्युम्युलेटरचं, म्हणजे लूपला जोडलेल्या टाकीचं. आणि खरी गोम पंपाच्या तोंडाशी: कंडेन्सरमधून आलेला द्रव उकळीच्या अगदी काठावर असतो. सक्शनला दाब जरा पडला की तिथेच बाष्प होतं आणि पंप खडखडायला लागतो. म्हणून द्रव काही अंश जास्त थंड करून घ्यायचा आणि रिसीव्हर (कंडेन्सरमधून आलेला द्रव साठवणारी टाकी) पंपापेक्षा उंचावर बसवायचा.

अंतराळात उंचीचा आधार नसतो. २०११ साली अंतराळ स्थानकावर गेलेल्या एएमएस-०२ या कणशोधक उपकरणात ट्रॅकरचे (कणांचा मार्ग टिपणाऱ्या भागाचे) इलेक्ट्रॉनिक्स पंपाने फिरवलेल्या कार्बन डायऑक्साइडने थंड होतात. तिथले पंप एकामागून एक बंद पडत गेले. शेवटी नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात लुका परमिटानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी चार स्पेसवॉक करून नवी पंप-व्यवस्था जोडली. हा प्रकल्प मुळातून वाचा.

अभ्यासासाठी पायथनमध्ये कूलप्रॉप (द्रवांचे गुणधर्म काढून देणारी लायब्ररी) घ्या, फुकट आहे. दाब-एन्थाल्पी (ढोबळमानानं, द्रवात साठलेली उष्णता) आलेखावर लूपचा प्रत्येक बिंदू स्वतः मांडा. सॉफ्टवेअरमधली रंगीत चित्रं नंतर.

लॅबमध्ये गेल्यावर पहिली सवय ही लावा: लूप बंद असताना, सगळं खोलीच्या तापमानाला आलं की दाब वाचायचा. आर-१३४ए साठी २५ अंशांना तो ६.६५ बार यायला हवा. बराच जास्त आला तर आत हवा राहिली आहे. ती कंडेन्सरमध्ये साचून बसते, पुन्हा व्हॅक्यूम करा. मात्र त्याआधी गेज कुठलं आहे ते बघा. हा आकडा निरपेक्ष दाबाचा, म्हणजे निर्वातापासून मोजलेला. साधं गेज वातावरणाचा दाब शून्य धरतं, ते ५.६५ च्या आसपासच दाखवणार.