घरच्या घरी चीज पिझ्झा, सगळ्यांनी मिळून

२५० ग्रॅम मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर, मीठ, दोन चमचे तेल आणि साधारण दीडशे मिली कोमट पाणी. पाणी बोटाला चटका बसेल इतकं गरम नको, यीस्ट मरतं. पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवा आणि दहा मिनिटं चांगलं मळा, हे काम घरातल्या दणकट माणसाला द्या. पीठ दुप्पट फुगायला तासभर लागतो पण आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासातच फुगतं, म्हणून घड्याळ बघू नका, पीठ बघा.

तोवर टोमॅटो, लसूण, तिखट आटवून घट्ट सॉस करा, पातळ राहिला तर बेस ओला होतो. मोझरेला किसायचं काम पोरांचं, थोडं खातील, खाऊ द्या. हिवाळा असेल तर भरताचं वांगं भाजून त्याचा गर चीजखाली पसरा, फार भारी लागतं!

ओव्हन २५० डिग्रीवर आधी वीस मिनिटं तापवा. फुगलेलं पीठ लाटून बेस करा, वर सॉस-चीज पसरून आत ठेवा, पिझ्झा दहा-बारा मिनिटांत होतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर बेस एका बाजूने भाजा, उलटवा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळू द्या.