छोट्या जॉबवर पावडर बसत नसेल तर आधी हुक बघा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडे पावडर कोटिंगच्या (धातूवर कोरडी रंगपावडर फवारून भाजायच्या) कामाला नव्यानं लागलेल्यांची एकच तक्रार असते: पॅनेलवर कोट झकास येतो, ब्रॅकेट-नॉबसारख्या छोट्या जॉबचे (रंगवायच्या वस्तूंचे) कोपरे मात्र उघडे राहतात. डीग्रीझिंग (तेलकटपणा काढणं), फॉस्फेटिंग (कोट धरण्यासाठी फॉस्फेटचा थर देणं), वाळवणं तुम्ही नीट करता असं धरतो. तिथंच ढिलाई असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

सापळा जॉब टांगायच्या हुकात आहे. फवारणीच्या गननं पावडरला दिलेला विजेचा भार जॉबमधून, हुकातून, वरच्या रॉडमधून जमिनीत उतरला पाहिजे. पण प्रत्येक फेरीला हुकावरही कोट बसतो, ओव्हनमध्ये भाजतो आणि त्याचं इन्सुलेशन होतं. जड जॉब स्वतःच्या वजनानं तो कोट खरवडून धातूला भिडतो. हलका नॉब नुसता टेकून राहतो. अर्थिंग तुटलं की पावडर खाली गळते आणि माणूस गनचे केव्ही (किलोव्होल्ट) वाढवतो. वाढवू नका! भार जॉबवरच साठतो, कोट खडबडीत होतो, कोपरा तसाच राहतो. शिवाय अर्थ नसलेल्या जॉबवरून ठिणगी उडाली तर बूथमधली पावडर पेट घेऊ शकते. जॉब ते अर्थ रोध 1 मेगाओहमच्या आत हवा. तो मेगरनं (जास्त व्होल्टेजवर रोध मोजायच्या मीटरनं) मोजा, साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. जॉब टेकतो तिथं हुकाला धार ठेवा, रोज फाईल मारा. रोज म्हणजे रोज.

हुक ठीक असूनही खाच उघडी राहिली तर घाबरू नका, ते सगळ्यांनाच छळतं. भार कडांकडं ओढ घेतो, खोलात शिरत नाही. तेव्हा खाचेत आधी पावडर मारा: गनचा करंट 10 ते 20 मायक्रोअँपवर आणा, हवा कमी करा. कडा शेवटी. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो.

"राहू दे, भाजल्यावर दुसरा हात मारू" म्हणणाऱ्या उस्तादाकडं काम शिकू नये असं माझं ठाम मत आहे. भाजलेल्या कोटावर दुसरा कोट आणखी अवघड बसतो, आणि कडांवर जाडी वाढून फिटिंगला जॉब अडतो. स्वतः हुक घासणारा मिस्त्री मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथंच राहा.

कास्टिंग असेल तर आधी तापवून आतला वायू काढा, नाहीतर भाजताना फोड येतात. पावसाळ्यात एअर ड्रायर आणि कॉम्प्रेसरचा ड्रेन रोज बघा. ओली हवा आली की पावडरच्या गुठळ्या होतात. आणि जाडी मोजताना सपाट भागावर 70 मायक्रॉन दिसले म्हणून खूश होऊ नका, प्रोब शिरेल तितक्या आतल्या कोपऱ्यात टेकवा.